कृत्तिकेची आई

“कपाळाला कधीपासून वाचता यायला लागलं?” चहाचा ट्रे खाली ठेवत मी आईला विचारलं.

तिचा चष्मा कपाळावर होता, पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि ती वाचत होती. निदान वाचताना तिचा जो सूर लागायचा, त्या सुरात बोलत होती.

“मधेमधे येऊ नकोस गं,” ती म्हणाली. “प्रधानजी नुकतेच दारात आलेत. त्यांना बसू तरी दे.”

“त्यांनाही चहा टाकू का?”

“न्हाई लागत,” हौसाकाकी सुई न थांबवता म्हणाल्या. “त्यो मेला चहाच्या लायकीचा न्हाई. त्याचा कप हिकडं दे.”

मार्गशीर्षातला रविवार होता. मी दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला यायची आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायची. दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीतलं टेबल भिंतीला लागलेलं असायचं आणि फरशीभर गोधडी पसरलेली. तिच्या तीन बाजूंना तिघी. वरच्या मजल्यावरच्या हौसाकाकी सगळ्यांत मोठ्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण त्यांच्याइतका बारीक टाका कुणाचा नाही. समोरच्या रजियाभाभी, त्यांच्या घरी शिवणकामाचं दुकान, त्यामुळे तुकड्यांना तोटा नाही. आणि शैलाताई, एका प्रसूतिगृहातून निवृत्त झालेल्या नर्स. चौथी बाजू आईची. हातांना कंप सुटल्यापासून तिला सुई धरवत नव्हती, म्हणून ती वाचून दाखवायची. नोकरीभर ती गावातल्या वाचनालयात पुस्तकं द्यायच्या खिडकीशी बसली होती. पुस्तक हातात नसलं की तिला आपण काही विसरून आलो असं वाटायचं.

गोधडी कडेनं सुरू करतात आणि धावदोरा घालत आत आत येतात. त्यामुळे आधी लांबलांब बसलेल्या बायका शेवटी गोधडीवरच येऊन बसतात, गुडघ्याला गुडघा लागतो. या चौघींनी आपला एक नियम केला होता. एका गोधडीला एक पुस्तक. मधला वीतभर चौकोन पुस्तक संपल्याशिवाय शिवायचा नाही. पुस्तक रेंगाळलं तर गोधडी अडायची. शिवण पुढे गेली की आईला पळावं लागायचं. ही गोधडी हौसाकाकींच्या फलटणच्या नातीसाठी होती. तिचे दिवस भरत आले होते. आज ते बाळ मोठं झालं आहे, शाळेत जातं आणि गोधडी धुवायला काढली की घर डोक्यावर घेतं, असं ऐकते.

त्या खेपेचं पुस्तक होतं ‘ध्रुवगडची ज्योतिषीण’. वाचनालयानं जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा आईनं उचलून आणलेलं. वरच्या चित्रात बुरुजावर उभी असलेली एक गोरीपान तरुणी आकाशाकडे बघत होती, हातात दुर्बीण धरून. मी एका प्रकाशनाकडे मुद्रितं तपासते. असलं काही दिसलं की मला गप्प बसवत नाही.

“आई, त्या काळात दुर्बीण कुठली?”

“नव्हतीच,” आई म्हणाली. “म्हणून मी तिच्या हातातून काढून घेतली.”

तिघी हसल्या. मीही हसले.

“वाचा हो पुढे,” शैलाताई म्हणाल्या. “प्रधान किती वेळ उभा राहणार?”

आईनं पान न उलटता सुरुवात केली. “‘प्रधानजी म्हणाले, बाई, तुमची कृत्तिका हुशार आहे. ग्रहणाची वेळ तिनं पुरोहितांच्या आधी सांगितली. सरदार रायाजींच्या मनात ती भरली आहे. पण तिच्या पत्रिकेतला मंगळ आडवा येतो. तिच्या जन्माच्या वेळी घटिकापात्र उशिरा बुडालं, एवढंच तुम्ही म्हणा. तुमच्या शब्दावर कोण शंका घेणार?’”

“घटिकापात्र म्हंजी?” हौसाकाकींनी विचारलं.

“तळाला भोक असलेली वाटी. पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक घटका झाली. तेव्हाचं घड्याळ.”

“आणि ती उशिरा बुडाली म्हटलं की मंगळ सरकतो,” शैलाताई म्हणाल्या. “सोपं आहे.”

मी कप गोळा केले आणि आत गेले. कुकर लावायचा होता. शिट्ट्या होत होत्या तोवर बाहेरचं काही ऐकू आलं नाही. गॅस बंद करून परत आले तेव्हा भांडण रंगात आलं होतं.

“चुकलीच ती बाई,” हौसाकाकी म्हणत होत्या. “लेकीचं सोनं होत हुतं. एक शब्द फिरवायचा हुता निस्ता. देव काय फाशी देनार हुता तिला?”

“आणि जन्मवेळेचं एवढं काय घेऊन बसलात?” शैलाताईंनी दोरा दातांनी तोडला. “मी बाळ हातात घ्यायची, नाळ बांधायची, पुसायची, बाईला दाखवायची, हात धुवायची आणि मग घड्याळाकडे बघायची. ते घड्याळही पुढे. साताऱ्यातल्या निम्म्या पत्रिका माझ्या हात धुण्यावर चालल्यात.”

“अगं बाई! मग माझ्या थोरल्याचा शनी?” हौसाकाकींनी विचारलं.

“तुमचा थोरला कुठे जन्मला?”

“घरात. सुईणीच्या हातावर.”

“मग तो शनी खरा असेल.”

“आमच्यात पत्रिका नसते,” रजियाभाभी म्हणाल्या, “तरी नवरा मिळालाच ना साडेसातीसारखा.” सगळ्या हसल्यावर त्या आईकडे वळल्या. “पण आपा, मला ती आई आवडली. मला फक्त एक कळत नाही. प्रधान बोलतो, आई बोलते, आम्ही तिघी बोलतो. ती कृत्तिका काहीच कशी बोलत नाही? जिचं लग्न मोडलं तिनं काही म्हणायला नको?”

आईनं चष्मा कपाळावरून काढून पदराला पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

“येईल शेवटी,” ती म्हणाली.

“काय म्हणते ती?”

“मी कुठे वाचलंय अजून?”

संध्याकाळी तिघी गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो. आईच्या हातून दाणे उडायचे, मी ते टेबलाखालून वेचून आणायची, आणि ती म्हणायची, “असू दे गं, उंदरांनाही हिवाळा आहे.”

“तुझं काय मत?” तिनं मधेच विचारलं.

“कशाबद्दल?”

“त्या आईबद्दल. हौसाक्का चूक म्हणतात. रजिया बरोबर म्हणते. शैला रोज बदलते.”

“मी पुस्तक पुरतं वाचल्याशिवाय मत देत नाही.”

“हो, तू मुद्रितं तपासणारी बाई.” तिनं एक शेंग उघडली, तिच्यात दाणे नव्हते, तरी ती उघडून बघत राहिली. “मग शेवट झाला की देशील?”

“देईन की. लेखी देऊ?”

“नको,” ती म्हणाली. “तोंडी दे. मला तोंडी चालेल.”

मग मटारभात झाला. तिला तो थोडा मऊ आवडायचा, मला मोकळा. तिच्या मनासारखा केला होता, तर ती म्हणाली, “आज पाणी जास्त झालं का गं?” आम्ही जेवलो, टीव्हीवर कुणाचं तरी गाणं ऐकलं, तिनं माझ्या पिशवीत लसणाच्या चटणीची बाटली ठेवली आणि झाकण घट्ट आहे ना हे मला पुन्हा बघायला लावलं. एवढाच तो दिवस.

दुसऱ्या दिवशी मला हाक मारून उठवायला ती आली नाही. मी तिच्या खोलीत गेले. ती कुशीवर झोपली होती, उजवा हात उशीखाली. तो हात थरथरत नव्हता.

*

तेराव्यानंतर नातेवाईक आपापल्या गावी गेले. मी रजा वाढवली होती. कपाट उघडायचं, बंद करायचं, असं चाललं होतं. एका दुपारी बेल वाजली. दारात तिघी होत्या, हौसाकाकींच्या हातात गोधडीची गुंडाळी.

“येऊ का?” रजियाभाभींनी विचारलं. या घरात त्यांनी असं कधी विचारलं नव्हतं.

मी टेबल भिंतीला लावलं. गोधडी पसरली. मधला चौकोन तेवढा कोरा राहिला होता. त्या मोठ्या चौकटीत तो अगदी लहान दिसत होता.

“नात आज-उद्या मोकळी व्हईल,” हौसाकाकी म्हणाल्या. “पन हे असं अर्धं ऱ्हायलंय.”

“मग शिवून टाका ना, काकी. एवढंसं तर आहे.”

“आनि पुस्तक?”

“पुस्तकाचं काय आता.”

“असं कसं? नियम हाय.” त्यांनी नाक ओढलं. “कुमुद असती तर मी मोडला बी असता. ती भांडली असती, मी भांडले असते, झालं असतं. आता मोडला तर भांडू कुनाशी?”

मी शैलाताईंकडे बघितलं. “तुम्ही वाचून दाखवा मग. मी पुस्तक देते.”

“मी औषधाच्या बाटलीवरचं वाचते तसं वाचते. ह्या दोघी झोपतील.” त्या गोधडीवर सरकून बसल्या. “तू बस, वसू. तिथे, आईच्या जागेवर.”

पुस्तक आईच्या उशाशीच होतं. खूण म्हणून तिनं केसांची पिन घातली होती, शेवटच्या प्रकरणाच्या सुरुवातीला. मी चौथ्या बाजूला बसले. तिघी आता चौकोनाभोवती आल्या होत्या; माझा गुडघा रजियाभाभींच्या गुडघ्याला लागला. सुयांत दोरे ओवले गेले. मी वाचायला लागले.

“‘ध्रुवगडावर चौघडा झडू लागला. ज्या घटिकापात्रावरून कृत्तिकेची जन्मवेळ धरली होती, ते पात्रच सदोष असल्याचं राजपुरोहितांनी भर दरबारात सिद्ध केलं होतं. तिच्या कुंडलीतला मंगळ आता निष्प्रभ झाला होता. जन्मतःच मातृसुखाला पारखी झालेली ती पोर आज सरदार रायाजींची...’”

“थांब, थांब,” हौसाकाकी म्हणाल्या. “कोन पारखी झाली?”

“कृत्तिका.”

“तिची आई हाय की धडधाकट.”

“नाही काकी. इथे लिहिलंय, जन्मतःच...”

“चुकीचं पान लागलं असंल. मागं बघ.”

मी मागे बघितलं. आधीचं प्रकरण चाळलं, त्याच्या आधीचं चाळलं. ग्रहण होतं, रायाजी होता, प्रधानही होता. पण तो कुणाच्या दारात गेला नव्हता. मी पहिलं पान काढलं. तिथे होती ती. राजज्योतिष्याच्या बायकोनं अमावास्येला मुलीला जन्म दिला आणि उजाडायच्या आत प्राण सोडला. दोन ओळींत. तिला नावही नव्हतं.

“पुस्तकात तिची आई पहिल्याच पानावर जाते,” मी म्हणाले.

मग शैलाताई म्हणाल्या, “असं कसं? पोथ्या राखायची ती. राजवाड्यातल्या पोथ्या. कोण कधी कुठली पोथी घेऊन गेलं, सगळं तिच्या तोंडपाठ. परत न करणाऱ्या सेनापतीला तिनं भर रस्त्यात अडवलं होतं.”

“आनि नवरा लवकर गेल्याला. लेकीला तिनंच शिकीवलं, आकाशात बोट दावून.”

“आणि कृत्तिका काही गोरीपान नव्हती,” रजियाभाभी म्हणाल्या. “सावळी. उंच. रागावली की बोलायची नाही, भांडी घासत बसायची.”

मी पुस्तक मिटलं. बोट मधेच राहिलं होतं ते काढून घेतलं.

“मला सांगा,” मी म्हणाले. “पहिल्यापासून नको. तो प्रधान घरी येतो तिथपासून. मी त्या दिवशी आत गेले होते. त्यानं विचारल्यावर ती काय म्हणाली?”

हौसाकाकींनी सुई गोधडीत टोचून ठेवली. पाठ ताठ केली. हात मांडीवर घेतले, आई घ्यायची तसे, एकावर एक, कंप दिसू नये म्हणून. आणि आईच्या आवाजात, जेवढा तो त्यांना जमत होता तेवढ्यात, म्हणाल्या, “‘ती आली तवा मी तिथं हुते. तुमी न्हवता.’”

ते वाक्य मी आधी ऐकलं होतं.

मी तेव्हा पंचविशीत होते. कोल्हापूरचं स्थळ होतं. श्रीरंग नाव. दोनदा येऊन गेला होता, आणि दुसऱ्या खेपेला मी बोलता बोलता उल्लेख केलेलं एक पुस्तक शोधून घेऊन आला होता. त्याच्या घरच्यांनी पत्रिका मागितली. मग नलूआत्या आली, वडिलांची थोरली बहीण. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि घरातल्या मोठ्या गोष्टी तिच्या विचारानं व्हायच्या. गुरुजींशी बोलून आले, ती म्हणाली, जन्मवेळ तासाभरानं मागे घेतली की मंगळ सरकतो. नवी पत्रिका करून देतो म्हणाले. सगळेच करतात गं कुमुद, तू फक्त हो म्हण. मी स्वयंपाकघराच्या पडद्यामागे उभी होते. आत्या म्हणाली, एक तास तर इकडचा तिकडे करायचाय. तेव्हा आई ते वाक्य म्हणाली, फक्त मधे एक ‘वन्सं’ घालून. ती आली तेव्हा मी तिथं होते, वन्सं. तुम्ही नव्हता.

कोल्हापूरहून नकार आला. नंतर दोन-चार स्थळं आली, मग येईनाशी झाली. मी पुण्याला गेले, नोकरी केली, घर घेतलं, पुस्तकांत रमले. एकटीनं राहणं मला जमलं, पुढे आवडायलाही लागलं. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. तिला वाटायचं मला ठाऊक नाही. निदान मला वाटायचं, की तिला तसं वाटतं.

“आणि कृत्तिका?” मी विचारलं. “ती तेव्हा कुठे होती?”

“दाराआड,” शैलाताई म्हणाल्या.

“आईला माहीत होतं?”

“तर!” हौसाकाकी म्हणाल्या. “पडदा हुता ना दाराला, त्येच्या खालनं पोरीची पावलं दिसत हुती. आई बोलली तवा ती पावलं अशी मागं सरकली. कुमुदनं हे चारचारदा वाचलं. मी म्हटलं, अगं कळ्ळं, पावलं सरकली, फुडं काय? तर म्हनं, फुडं कायच न्हाई. पोरगी चुलीपाशी जाऊन बसली.”

मी उठून पाणी पिऊन आले. परत आले तेव्हा तिघी तशाच बसल्या होत्या, कुणी टाका घातला नव्हता.

“रोज वाचून झालं की विचारायच्या,” शैलाताई म्हणाल्या. “आईनं बरोबर केलं का म्हणून. मला वाटायचं, वाचनालयात होत्या, मतं विचारायची सवय असेल. मी एकदा म्हणायची हो, एकदा नाही. कशानं त्यांना बरं वाटतं ते मात्र कधी कळलं नाही.”

“मी तर पैल्यापासनं चूकच म्हनत आले,” हौसाकाकी म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. “पुस्तकातल्या बाईला म्हनत हुते मी. काय हसायची ती त्यावर. म्हनायची, हौसाक्का, तुमी तिच्या सासूच शोभता.”

“मग तुम्हाला ती चूकच वाटते का, काकी?”

“मला काय वाटतंय त्येला काय इचारतीस? ज्या लेकीपायी झालं तिनं सांगावं. ती सांगंना म्हनून तर आमी भांडत बसलो.”

रजियाभाभी इतका वेळ माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, त्यातली पिन काढली आणि पुस्तक माझ्या हातात उलटं दिलं, मुखपृष्ठ खाली.

“पुढचं वाच,” त्या म्हणाल्या. “शेवट राहिलाय.”

“भाभी, यात तो नाही.”

“असेल. आपा म्हणाल्या होत्या, येईल शेवटी.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला. हौसाकाकींनी सुई उचलली. चौकोनात टाके पडायला लागले, तीन बाजूंनी, हळू. मी पुस्तक मांडीवर उघडलं. अक्षरं दिसत होती, ती दिसायला नको होती. मी चष्मा कपाळावर सरकवला.

“‘पुष्कळ वर्षं गेली,’” मी म्हणाले. “‘रायाजीचं दुसरीकडे लग्न झालं. त्याला मुलं झाली.’”

“होऊ देत,” हौसाकाकी म्हणाल्या. “आपल्याला काय करायचंय.”

“‘कृत्तिका दूरच्या गावी राहायला गेली. तिथल्या राजाच्या पदरी ती पंचांगं तपासायची. इतरांनी केलेल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम.’”

“पगार बरा असंल?”

“‘बेताचा. पण तिचं घर होतं. खिडकीशी झाड होतं. आठवड्यातून एकदा ती आईकडे यायची. दोघी शेंगा सोलायच्या, हवापाण्याचं बोलायच्या.’”

“आणि ते?” शैलाताईंनी विचारलं.

“‘ते बोलायच्या नाहीत. आईला वाटायचं, आपण हिचं आयुष्य एका शब्दासाठी घालवलं, आता कुठल्या तोंडानं विचारायचं? आणि कृत्तिकेला वाटायचं, आपण ऐकलं हे आईला ठाऊकच नाही, आता कशाला काढायचं?’”

“दोघी बी खुळ्या,” हौसाकाकी म्हणाल्या.

“‘एकदा आई राजवाड्यातल्या बायकांना एक गोष्ट वाचून दाखवत होती. पोथीत नसलेली. कृत्तिका तिथून जाताना आईनं विचारलं, तुझं काय मत? कृत्तिका म्हणाली, शेवट झाला की सांगते.’”

सुया थांबल्या. चौकोनात बोटभर जागा उरली होती. हौसाकाकींनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, मग आईच्या खोलीच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग अगदी हळू, लहान मुलाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “आनि मग? काय म्हनली ती आईला?”

मला कृत्तिकेचा आवाज काढायचा होता. आईला सगळ्यांचे निरनिराळे काढता यायचे. माझ्याकडे माझाच होता.

“म्हणाली, आई, त्या दिवशी मी पडद्यामागे होते. तू बोललीस ते मी ऐकलं. मला थोडे दिवस वाईट वाटलं, त्याच्यासाठी. तुझ्यावर राग नाही आला. मी आत जाऊन भांडी घासली, कारण मला रडू येत होतं आणि ते दुःखाचं नव्हतं. माझ्यासाठी असं ठाम कुणी उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. सगळे मला थोडं इकडे, थोडं तिकडे सरकवायला निघाले होते. तू तासभरसुद्धा सरकू दिलं नाहीस. मी जशी आले, तशीच तुला हवी होते. तू बरोबर केलंस, आई. हे माझं मत. तोंडी.”